मुले शाळेत गेली. आता आयांचे मंडळ कोणाच्या हाती द्यावे?

प्राजक्त (पुणे)

सिंहगड रस्त्यावरील आमच्या गृहसंकुलात पाच वर्षांखालील मुलांच्या आयांचे एक छोटे मंडळ चालते. त्याचे पुढे काय करावे यावरून आमच्यात सरळ दोन तट पडले आहेत, म्हणून ज्यांनी अशी मंडळे चालवली आहेत, सोडली आहेत किंवा बंद पडताना पाहिली आहेत, त्यांचे मत हवे आहे.

करोनाची टाळेबंदी उठल्यावर आम्ही काही जणींनी हे मंडळ सुरू केले. घरच्या चार माणसांपलीकडे कोणालाही न पाहिलेली आमची मुले बागेत दुसरे मूल दिसले की आईच्या पायाला मिठी मारून रडत असत, आणि आम्हालाही दिवसभरात आपल्या वयाच्या एखाद्या बाईशी दोन शब्द बोलायला मिळत नसत. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेदहा वाजता क्लबहाउसच्या तळमजल्यावर सतरंज्या अंथरायच्या, खेळण्यांची पेटी मधोमध उपडी करायची, मुलांना मोकळे सोडायचे आणि आपण भिंतीला टेकून बसायचे, एवढाच कार्यक्रम असे. कोणाचे बाळ रात्री किती वेळा उठते, वरणाचे पाणी कधी सुरू केले, दाताच्या वेळी जुलाब होतात हे खरे की आजीचे म्हणणे, अशा गप्पांवर दीड तास सहज निघून जाई. पुढे संकुलातल्याच एक बालरोगतज्ज्ञ अधूनमधून येऊन लसीकरणाबद्दल बोलू लागल्या, नवरात्रात लहानांचा भोंडला होऊ लागला आणि संक्रांत ते रथसप्तमीच्या दरम्यान सामुदायिक बोरन्हाण सुरू झाले.

त्या बोरन्हाणावरूनच मंडळ कसे बदलले ते सांगता येईल. पहिल्या वर्षी सतरंजीवर काळी झबली घातलेली मोजकी बाळे होती, हलव्याचे दागिने एका आजींनी घरी केले होते, आणि बोरे, चुरमुरे, उसाचे करवे आणि हरभऱ्याचे घाटे ज्याच्या त्याच्या घरून आले होते. आता दागिन्यांची एकत्रित मागणी नोंदवली जाते, फुग्यांची कमान उभी राहते, छायाचित्रकार येतो आणि वर्गणीचा आकडा ऐकून नवीन आई गप्प बसते. शिवाय ज्यांचे खरे बोरन्हाण व्हायचे ती बाळे कडेला राहतात आणि आमची सहा-सात वर्षांची घोडी गोळ्यांसाठी मध्ये झेप घेतात.

खरी अडचण इथेच आहे. आम्ही सुरुवातीच्या ज्या होतो, त्यांची मुले आता पहिली-दुसरीत गेली. आमची मैत्री घट्ट झाली असल्यामुळे आम्ही अजून जमतो, परंतु व्हॉट्सॲपच्या गटावर शाळेची बस, गणवेश आणि ऑलिंपियाडच्या परीक्षा यांचीच चर्चा चालते, आणि त्यात एखादीने ‘चार महिन्यांचे बाळ दूध ओढत नाही, काय करू’ असे विचारले तर तो प्रश्न वर सरकून दिसेनासा होतो. नव्या इमारतीत बहुतांश भाडेकरू जोडपी आहेत, त्यांपैकी बरीच महाराष्ट्राबाहेरची, आणि त्यांना इथे ना माहेर ना सासर. त्यांतली एक आई तान्ह्या बाळाला घेऊन सुट्टीच्या दिवसांत आली होती. आमची मुले हॉलमध्ये सायकली फिरवत होती, म्हणून ती चपलांच्या मांडणीजवळच बाळाला मांडीवर घेऊन बसली आणि थोड्या वेळाने उठून गेली, ती पुन्हा आली नाही.

एका तटाचे म्हणणे असे की मंडळ आमच्या कष्टाने उभे राहिले आहे, तेव्हा वयाची मर्यादा दहापर्यंत वाढवावी आणि आहे तसे चालू ठेवावे. दुसऱ्या तटाचे, ज्यात मी आहे, म्हणणे असे की ते नव्या आयांच्या स्वाधीन करावे. मात्र त्यांना विचारले की ‘तुम्हीच चालवा ना, आम्ही येत जाऊ’ हे ठरलेले उत्तर मिळते. त्यातच संकुलाच्या व्यवस्थापन समितीने हॉलसाठी तासाप्रमाणे शुल्क आकारण्याचे ठरवले आहे, आणि वर्गणीतून उरलेली रक्कम आमच्यापैकी एकीच्या खासगी खात्यात पडून आहे. सुरुवात कोठून करावी?

किल्लीवाली ताई (नाशिक)

मी एकात्मिक बालविकास योजनेत मुख्यसेविका म्हणून निवृत्त झाले. शहरातल्या क्लबहाउसमध्ये माझे अनुभव कितपत लागू पडतील हे तुम्ही ठरवा, पण तुमचे पत्र वाचताना मला ओळखीच्या पुष्कळ गोष्टी दिसल्या.

अंगणवाडीची योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी सुरू झाली आणि अजून चालू आहे. तिच्यात उणिवा भरपूर आहेत, त्यांवर मी तासभर बोलू शकेन. तरीही एक गोष्ट तिने नीट साधली: मूल सहा वर्षांचे झाले की ते शाळेत जाते, त्याची आई अंगणवाडीच्या यादीतून निघते, आणि खोली, सेविका व मदतनीस तिथेच राहतात. तुमच्याकडे सेविकाही तुम्हीच आणि लाभार्थीही तुम्हीच, त्यामुळे मूल मोठे झाले की एक तर सेविका निघून जाते किंवा ती खोलीच आपल्या मुलाच्या वयाची करून टाकते. वयाची मर्यादा दहावर नेणे हे दुसरे. तसे केलेत तर तुमचे मैत्रीमंडळ राहील आणि तान्ह्या बाळांच्या आयांना जागा उरणार नाही. मैत्रीमंडळ असण्यात काही गैर नाही, त्याने मंगळवारची सकाळ मात्र अडवू नये.

दुसरे असे की नवीन आईला तुम्ही हॉलमध्ये बोलावता आणि ती येत नाही म्हणून वाईट वाटून घेता. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला आणि पुढे कोसबाडला काम सुरू केले, तेव्हा पाड्यांवरची आदिवासी मुले बालवाडीत येत नव्हती, म्हणून त्यांनी बालवाडीच उचलून त्यांच्या अंगणात नेली. तुमच्याकडे अंगण नसले तरी प्रत्येक इमारतीच्या खाली लिफ्टसमोर मोकळी जागा असेल. शिवण अजून दुखते आहे, बाळ दर दोन तासांनी उठते आहे आणि घरात मदतीला कोणी नाही, अशी बाई आवरून, पिशवी भरून, दुसऱ्या टोकाच्या क्लबहाउसपर्यंत ठरल्या वेळी पोहोचेल ही अपेक्षाच अवघड आहे. तिच्या इमारतीत खाली सतरंजी टाका. ती गाऊनवर ओढणी घेऊन खाली आली तरी तिला संकोच वाटता कामा नये.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. ‘मंडळ चालवाल का?’ हा प्रश्नच विचारू नका, कारण त्याला कोणतीही शहाणी बाई ‘नको’ म्हणेल. आम्ही माता बैठकीला बायका येत नाहीत म्हणून कपाळाला हात लावत असू. मग एका सेविकेने निराळी युक्ती केली. वजनकाट्यावर मुले ठेवताना नोंद लिहायला एकीला बसवले, पाणी भरून ठेवायचे काम दुसरीला दिले, आणि जी कधीच बोलत नसे तिच्याकडे खोलीची किल्ली ठेवायला दिली. किल्ली घरात आहे म्हटल्यावर ती बाई सर्वांच्या आधी हजर होऊ लागली, आणि तिच्यामागोमाग तिच्या गल्लीतल्या दोघी आल्या. ज्या बाईकडे काही काम असते ती घरची होते, बाकीच्या पाहुण्या राहतात. तेव्हा ‘शुक्रवारी किल्ली तुमच्याकडे ठेवाल का?’ एवढेच विचारून पाहा. उत्तर वेगळे मिळेल.

जाता जाता बोरन्हाणाबद्दल. अख्खे बोर, शेंगदाणा, गोळी या गोष्टी पाच वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकतात, आणि तुम्ही तर त्या त्याच्या डोक्यावरून ओतून वर ‘वेच’ असे सांगता. बाळांवर नुसते चुरमुरे ओता आणि मोठ्या मुलांची बोरे लुटण्याची जागा दुसऱ्या कोपऱ्यात ठेवा. तुमच्या घोड्यांचाही प्रश्न त्यातून सुटेल.

सहा बेचाळीसची लोकल (ठाणे)

ताईंचे पटले, पण मला एक तक्रार मांडायची आहे, आणि ती केवळ प्राजक्त यांच्या मंडळाविषयी नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी साडेदहा ही वेळ ठरवतानाच निम्म्या आया वगळल्या जातात आणि नंतर ‘नव्या मुली येतच नाहीत’ असे म्हटले जाते.

मातृत्व लाभ कायद्यातल्या २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन अपत्यांसाठी सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळते. ती मला पूर्ण मिळाली, त्याबद्दल कुरकुर नाही. परंतु हिशेब करून पाहा: रजा संपते तेव्हा बाळ साधारण सहा महिन्यांचे, किंवा बाळंतपणाआधी रजा सुरू केली असेल तर त्याहूनही लहान असते. बाळ नुकतेच बसू लागलेले असते, वरचे अन्न सुरू करायचे असते, म्हणजे आईला इतर आयांशी बोलण्याची सर्वाधिक गरज असते तेव्हाच ती गाडीत उभी असते. त्याच कायद्याने पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणे बंधनकारक केले आहे. माझ्या कार्यालयातल्या पाळणाघराची चौकशी मी केली तेव्हा एक कुलूपबंद खोली दाखवण्यात आली, ज्यात जुन्या खुर्च्या होत्या. अर्थात कार्यालयात पाळणाघर असते तरी गर्दीच्या वेळी लोकलने बाळाला कोण नेणार होते?

आमच्या संकुलातल्या मंडळात सकाळी आमच्या मुलांना सांभाळणाऱ्या मावशी घेऊन जात असत. त्यांना सांगण्यात आले की हे आयांचे मंडळ आहे, मूल सोडा आणि तुम्ही बाहेर बाकावर बसा. जी बाई दिवसाचे दहा तास माझ्या मुलाला सांभाळते, त्याला ताप आला की सर्वांत आधी जिच्या लक्षात येते, तिला सतरंजीवर जागा नाही! मी व्यवस्थापकांना एक लांबलचक संदेश पाठवला. वातावरण बराच काळ तापलेले होते, पण शेवटी दोन गोष्टी ठरल्या. सकाळच्या बैठकीला मुलासोबत जे कोणी येईल, मग ती आजी असो, आजोबा असोत किंवा मावशी असोत, ते सतरंजीवर बसतील. आणि शनिवारी संध्याकाळी पाच वाजता दुसरी बैठक होईल, जी नोकरी करणाऱ्या आया स्वतः चालवतील. आज शनिवारची बैठक जास्त भरते. मावशींमुळे झालेला फायदा असा की त्यांच्यातली एक जण मुलांना ज्या तऱ्हेने खेळवते, त्याची आम्हा कोणालाच सर येत नाही. रिकामे डबे, झाकणे आणि एक ओढणी एवढ्यावर ती डझनभर मुलांना गुंतवून ठेवते.

प्राजक्त, तुमच्या त्या नव्या इमारतीतल्या किती जणी नोकरीवर परतल्या आहेत हे आधी विचारा. कदाचित त्यांना मंडळ नको आहे असे नसेल, त्यांना मंगळवार नको असेल.

एक बाबा (नागपूर)

मी घरून काम करतो आणि मुलीला मंडळात मीच नेतो. दारापर्यंत जातो, तिला आत सोडतो आणि पायऱ्यांवर बसून लॅपटॉप उघडतो, कारण आत काही जणी बाळांना पाजत असतात आणि माझ्यामुळे त्यांना अवघडल्यासारखे होऊ नये. यात कोणाचा दोष नाही. मात्र हॉलच्या एका कोपऱ्यात पडदा किंवा साधा लाकडी आडोसा उभा केला, तर दूध पाजणाऱ्यांची सोय होईल आणि माझ्यासारख्यांना आत बसता येईल. आमच्याकडे तसा प्रस्ताव मी दिला आहे. आडोशाचा खर्च मी करतो असेही सांगितले आहे. उत्तर अजून आलेले नाही.

दुधावरची साय (मुंबई)

माझे मत इतरांपेक्षा वेगळे पडेल, तरी सांगते. बंद करा.

दादरला आमच्या इमारतींच्या समूहात असेच मंडळ होते. आम्ही ते दुसऱ्यांच्या हाती देण्यासाठी फार धडपड केली. नियमावली लिहिली, वही दिली, वर्षभराचे कार्यक्रम आखून दिले, आणि ज्यांना दिले त्या बिचाऱ्या आमच्या पद्धतीने ते चालवता चालवता दमून गेल्या. भोंडला म्हणजे पाटावर हत्ती काढायचाच, गाणी सगळी म्हणायचीच, खिरापत झाकून आणायची आणि ओळखायला लावायचीच, असा आमचा आग्रह, आणि त्यांच्यातल्या अर्ध्या जणींनी भोंडला कधी पाहिलेलाच नव्हता. शेवटी मंडळ बंद पडले. त्यानंतर काही महिन्यांनी खालच्या बागेत घसरगुंडीजवळ तरुण मुलींचा एक घोळका रोज संध्याकाळी दिसू लागला. त्यांचे मंडळ नव्हते, वर्गणी नव्हती, बोरन्हाण नव्हते. पाच-सहा बाबागाड्या, थर्मासमधला चहा आणि गप्पा. आमच्या मंडळाचाही आरंभ तसाच झाला होता.

प्रत्येक पिढीच्या आया आपापली सतरंजी शोधतात. तुम्ही तुमची त्यांच्याखाली सरकवायला गेलात तर त्या अवघडून बसतील.

टेम्सकाठची (रेडिंग, इंग्लंड)

साय यांचे म्हणणे मनाला भिडले, तरी ते मला पूर्ण मान्य नाही. बागेतला घोळका ज्यांना चटकन ओळखी करता येतात त्यांचा असतो. नव्या गावात, नव्या भाषेत, थकलेल्या अवस्थेत जी बाई आहे तिला अमुक दिवशी अमुक दार उघडे असते हे माहीत असणे फार मोलाचे असते. मी इथे आले तेव्हा माझे बाळ पाच महिन्यांचे होते आणि नवरा सकाळी गेला की संध्याकाळपर्यंत मी कोणाशीही बोलत नसे. घरी आलेल्या आरोग्यसेविकेने हातात एक कागद दिला: बुधवारी सकाळी, चर्चच्या सभागृहात. चर्चशी संबंध असण्याची अट नव्हती, नाव नोंदवायचे नव्हते. दारात एका डब्यात नाणी टाकायची आणि आत जायचे.

इथल्या या पद्धतीला मोठी परंपरा आहे. १९६१ साली बेल टुटाएव्ह या लंडनच्या एका आईने ‘गार्डियन’ वर्तमानपत्राला पत्र लिहिले. सरकारी बालवाड्या अपुऱ्या होत्या, तेव्हा आयांनी आपापल्या भागात स्वतःच खेळगट चालवावेत असे तिचे म्हणणे होते, आणि तिला प्रतिसाद देणाऱ्या आयांमधून देशभरची संघटना उभी राहिली. ती संघटना नाव बदलून आजही काम करते. या काळात मुले आणि आया कितीतरी वेळा बदलल्या. हे कसे जमले, याचे एक साधे कारण मला इथे समितीत काम करताना कळले: निरोपाची तारीख ठरलेली असते. इंग्लंडमध्ये मूल चार वर्षांचे झाले की येणाऱ्या सप्टेंबरात ते शाळेच्या पहिल्या पायरीवर जाते, त्यामुळे जुलै महिन्यात आमच्यातल्या मोठ्या मुलांच्या आया निघणार हे सर्वांना आधीपासून माहीत असते. जुलैच्या आधी एक बैठक होते. खजिनदार हिशेब वाचून दाखवते, जाणाऱ्यांची पदे रिकामी होतात आणि ती भरली जातात. कोणी कोणाला काढत नाही, कोणी रुसत नाही. पुढचे वर्षभर जुन्या खजिनदाराला फोन करण्याची मुभा असते, पण तिने स्वतःहून येऊन सूचना करायच्या नसतात. हा शेवटचा नियम कुठेही लिहिलेला नाही आणि तोच सर्वांत कडकपणे पाळला जातो.

आपल्याकडे शाळा जूनमध्ये उघडतात. (विदर्भात थोड्या उशिरा, नागपूरकर बाबा रागावू नयेत.) तेव्हा एप्रिलचा शेवटचा आठवडा हा तुमचा निरोपाचा काळ ठरू शकेल.

आणखी एक बारीकशी गोष्ट. आमच्या सभागृहात गरम चहा फक्त झाकणाच्या पेल्यातूनच प्यायचा आणि सतरंजीपासून दूर टेबलावरच ठेवायचा, हा नियम दारावर लावलेला आहे, कारण रांगणारे मूल आधी कपच ओढते. तुमच्याकडे स्टीलच्या पेल्यांतून चहा फिरत असेल तर तो तेवढा थांबवा.

प्राजक्त (पुणे)

सर्वांची मनापासून आभारी आहे. ठाण्याच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे आधी चौकशी केली. नव्या इमारतीत ज्यांना आम्ही ‘रस नाही’ असे समजत होतो त्यांतल्या बहुतेक जणी खरोखरच नोकरीवर परतलेल्या आहेत आणि त्यांना रविवार सकाळ सोयीची वाटते. चपलांच्या मांडणीजवळ बसलेल्या त्या आईला भेटले. ती केरळची आहे. तिला आमच्या गटावरचे मराठी संदेश वाचता येत नव्हते आणि विचारायला संकोच वाटत होता. किल्लीची युक्तीही केली, आणि सांगायला आनंद वाटतो की रविवारची किल्ली आता तिच्याकडे आहे.

एप्रिलअखेरीची तारीख दोन्ही तटांना पटली, कारण त्यात कोणा एकीला ‘जा’ म्हणावे लागत नाही. ज्यांचे सर्वांत लहान मूल जूनमध्ये शाळेत जाणार, त्या निघणार. वय वाढवण्याच्या बाजूच्या मैत्रिणींनी स्वतंत्र गट करून महिन्याच्या एका शनिवारी भेटायचे ठरवले आहे, आणि शाळेच्या बसची चर्चा तिकडे गेली आहे. आता उरले आहेत ते पैसे आणि हॉलचे शुल्क. एकीने मंडळ नोंदणीकृत करावे असे सुचवले आहे. ते करावे का?

ताळेबंद (सांगली)

मी सनदी लेखापाल आहे आणि दोन वर्षांच्या जुळ्यांची आई आहे, त्यामुळे या प्रश्नावर बोलण्याचा मला दुहेरी अधिकार आहे असे मी मानते.

नोंदणी करू नका. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली संस्था स्थापन करायला किमान सात व्यक्ती लागतात, एवढ्यावर ते भागत नाही. महाराष्ट्रात अशी संस्था १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदली जाते, मग दरवर्षी हिशेब सादर करायचे, आणि कार्यकारिणी बदलली की प्रत्येक वेळी बदल अर्ज द्यायचा. तुमची कार्यकारिणी दर एप्रिलला बदलणार आहे. सतरंज्या आणि खेळणी यांसाठी हा व्याप कशाला?

दोघींच्या नावे संयुक्त बचत खाते काढा, व्यवहाराला दोघींच्याही सह्या लागतील असे बँकेला सांगा, आणि त्या दोघींपैकी एक जुनी व एक नवी असेल असे पाहा. यूपीआयने आलेली वर्गणी आणि झालेला खर्च एका वहीत लिहून दर महिन्याला त्या पानाचे छायाचित्र गटावर टाका. वर्गणी शक्यतो वार्षिक ठेवू नका. बाळ कधी आजारी पडेल, आई कधी माहेरी जाईल याचा नेम नसतो, तेव्हा रेडिंगच्या ताईंसारखा दारातला डबा बरा. बोरन्हाणाचा खर्च मात्र नेहमीच्या पैशांतून कदापि करू नका. ज्यांना दागिने आणि कमान हवी त्यांनी वेगळी वर्गणी काढावी आणि ज्यांना नको त्यांनी घरचे चुरमुरे घेऊन यावे.

हॉलच्या शुल्काबाबत, समितीशी वाद घालण्याऐवजी लेखी अर्ज द्या. मंडळ कोणाकडून शुल्क घेऊन वर्ग चालवत नाही आणि संकुलातल्या सर्व कुटुंबांना खुले आहे हे त्यात स्पष्ट लिहा, आणि ठराविक वेळेसाठी शुल्कमाफीचा विषय सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर घेण्याची विनंती करा. अर्जावर सही सदनिकेच्या मालकांचीच असावी, कारण भाडेकरूंना सभेत मत नसते. निघून जाणाऱ्या तुम्ही जुन्या सभासद अजून उपयोगी पडू शकता असे हे एक काम आहे.

प्राजक्त (पुणे)

अर्जाचा मसुदा तयार केला आहे आणि सह्या गोळा होत आहेत. शेवटची एक विचारणा: आमच्या मुलांच्या वयाची बरीच खेळणी, एक मोठी प्लास्टिकची घसरगुंडी आणि चित्रकोड्यांचा ढीग आता नव्या बाळांच्या उपयोगाचा नाही. जवळच्या अंगणवाडीला दिले तर चालेल का?

किल्लीवाली ताई (नाशिक)

चालेल, पण आधी सेविकेला भेटा आणि खोली पाहून या. शहरातल्या पुष्कळ अंगणवाड्या एकाच लहान खोलीत भरतात. तिथे घसरगुंडी ठेवली तर मुलांना बसायला जागा राहत नाही, आणि देणगी दारातच पडून राहते. रंगीत ठोकळे, मणी ओवण्याची मोठी माळ, जाड पुठ्ठ्याची चित्रपुस्तके आणि धुता येतील अशी खेळणी द्या. एखादा तुकडा हरवलेली कोडी देऊ नका, मुलांची निराशा होते. बॅटरीवर चालणारी खेळणीही नकोत, कारण सेल बदलायला सेविकेकडे पैसे नसतात आणि छोटे गोल सेल मुलाने गिळले तर जिवावर बेतते. घसरगुंडी बागेसाठी समितीला द्या. पोहोच लेखी घ्या, नाहीतर पुढच्या एप्रिलला तुमच्या लेखापाल ताई विचारतील.